बारावा

गवताच्या कुरणाचा वाद होता.
स्वानेतीत कुरण म्हणजे हिवाळाभराचं दूध,
आणि हिवाळा इथे सात महिने मुक्काम ठोकतो.

एपिफाने काका म्हणाला,
आजोबांनी रोवला तिथेच आहे हद्दीचा दगड.
नदीपलीकडची दारेजान म्हातारी म्हणाली,
हिमकडा कोसळला त्या साली तो नऊ पावलं चालला.
"माणसं झोपली की दगडांना पाय फुटतात."

तालुक्याहून अधिकारी आला.
त्याच्यासमोर मी सही केली: दगड जागचा हललेला नाही.
शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याची सही,
निळ्या शाईत, खाली तारीख.
हात कापला नाही.

म्हातारीनं कागद उलटासुलटा करून पाहिला.
"जिभेला हाड नसतं. पेनाला तर जीभही नसते.
देवदूताची तसबीर काढा.
बारा जणांनी हात लावून सांगितलं तर कुरण तुमचं.
वर गवत कापायला माझे दोन नातू धाडीन."

काकाला अकरा मिळाले.
बारावा मी.

मला हसू आलं होतं.
अक्रोडाची फळी, वर चांदीचा पत्रा,
रंगात अंड्याचा बलक:
हे मीच सातवीला फळ्यावर लिहून देतो.
माझे वडील तर पक्षाचे चिटणीस.
त्यांनी चर्चला कुलूप घालून किल्ली जिल्ह्याला पाठवली,
आणि आमची गाय चोरीला गेली त्या रात्री
कंदील घेऊन थेट त्या माळ्यावर चढले
जिथे गावानं तसबीर गवतात दडवली होती.
कुठला माळा, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

मार्चची सकाळ. मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास.
एकेक जण पुढे जायचा, टोपी काढायचा,
चांदीवर तळहात टेकून म्हणायचा,
खोटं बोलत असेन तर माझ्या चुलीतला विस्तव विझो.
मुशनीनं म्हटलं, ज्याची सून पाच दिवसांची बाळंतीण.
तोतऱ्या प्लातोननं म्हटलं, दोनदा अडकला,
कुणी त्याचं वाक्य पुरं करून दिलं नाही.
ते खोटं बोलत नव्हते.
त्यांचा काकावर भरवसा होता,
काकाचा बहुधा स्वतःवर.

मला एक गोष्ट ठाऊक होती:
दगडफूल सावलीच्या अंगाला धरतं, उत्तरेकडे.
आमच्या दगडाचं दक्षिणेला होतं,
उन्हात वाळून पापुद्र्यांनी झडणारं.
महिनाभर मी ते खिशातल्या खडूसारखं बाळगलं होतं.

हात उचलला.
चांदीत माझाच चेहरा, चेपलेला,
कपाळ एकीकडे, हनुवटी भलतीकडे.
देवदूताकडे मी पाहिलंच नाही.
मागून अकरा जणांचे श्वास ऐकू येत होते,
आपापल्या चुली माझ्या हवाली करून उभे असलेले.
आणि दाराशी म्हातारी,
जिनं नातवांचे विळे कालच पाजळून ठेवले होते,
आमच्या गवतासाठी.

हात तिथवर गेला नाही.
मी दगडफुलाविषयी बोललो,
वर्गात बोलतो तसा, नको इतकं लांबण लावून.

काका तीन हिवाळे माझ्याशी बोलला नाही.
चौथ्यात आमचं छप्पर बर्फानं करकरू लागलं
तेव्हा फावडं घेऊन आला,
अर्धं छप्पर झाडलं, निघून गेला.
अर्धंच.

मुलं विचारतात, सर, तसबिरीला दिसतं का?
मी म्हणतो, नाही. पुढचं पान काढा.

चर्चची किल्ली घरोघर फिरते. यंदा आमच्याकडे आहे.
वीतभर लोखंड, थर्मामीटरखालच्या खिळ्याला टांगलेलं.
काल बायकोला सांगत होतो,
दुकानदाराची उधारी मी केव्हाच फेडली.
बोलता बोलता नजर खिळ्याकडे गेली.
"म्हणजे," मी म्हणालो, "उद्या फेडतो."